सुपातला एकेक दाणा

दुपारची भांडी आवरून कुणी गोधडीला टाके घालत असेल, कुणी शेंगा फोडत असेल. हातातलं काम चालू राहू द्या. आज मी तुम्हाला माझ्या कामाबद्दल सांगणार आहे, आणि माझ्या मोठीआईबद्दल.

मागच्या दिवाळीत गावी आले होते, तेव्हा आपल्या गटाच्या अध्यक्षताईंनी मला विचारलं, "अगं, तू पुण्यात दिवसभर संगणकापुढं बसतेस आणि सांगतेस की कॅन्सरवर काम करते. तुझ्या हातात ना सुई, ना औषधाची बाटली. मग तू करतेस तरी काय?" मी हसले, पण दोन वाक्यांत उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, "मग रेडिओवर ये आणि सगळ्यांनाच सांग." म्हणून आले.

आधी मोठीआईचं सांगते. मोठीआई म्हणजे माझी थोरली चुलती. तिची पाळी गेली आणि तीन वर्षांनी पुन्हा अंगावरून थोडं थोडं लाल जायला लागलं. ती म्हणाली, उष्णता झाली असेल. सब्जा भिजवून प्यायली. मग पांढरं जायला लागलं, त्याला वास यायला लागला. एका डॉक्टरांकडं गेली. त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच ऐकलं, न तपासता गोळ्या दिल्या. ती पुन्हा गेली नाही. भजनात पुढं बसणारी बाई, दाराजवळ बसायला लागली. आम्हाला वाटलं, वयामुळं दमते. यात दीड वर्ष गेलं. जिल्ह्याला नेलं तेव्हा कळलं, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तिसरी पायरी. लाईट दिले, औषधं झाली. पुढं दोन वर्षांनी ती गेली.

त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एका रात्री मी तिच्याजवळ होते. तेव्हा मी कॉलेजात शिकत होते. तिनं मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "मी असं काय केलं होतं गं, म्हणून हे माझ्याच वाट्याला आलं?" आणि दुसरा, "माझ्या पोरीला होईल का?" मला दोन्हीची उत्तरं येत नव्हती. मी नुसता तिचा हात धरला. आज येतात, बरीचशी. ती ऐकायला नाही, पण तिच्यासारखा प्रश्न पडलेल्या तुम्ही आहात.

तर ऐका. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारं छोटंसं घर समजा. अशी तीस लाख कोटींहून जास्त घरं एका माणसाच्या शरीरात असतात. रक्तातल्या तांबड्या पेशींसारख्या काही सोडल्या, तर प्रत्येक घरात एकच वही आहे. तिला डीएनए म्हणतात. त्या वहीत ३०० कोटी अक्षरं आहेत, पण वापरलीत चारच, ए, टी, जी आणि सी. आणि त्या वहीत शरीर चालवायच्या सुमारे २०,००० कृती लिहिलेल्या आहेत. एकेका कृतीला जनुक म्हणतात.

आता गंमत बघा. डोळ्याच्या पेशीत जी वही, तीच पायाच्या टाचेच्या पेशीत. मग टाचेला डोळा का फुटत नाही? कारण प्रत्येक घर सगळी वही वाचत नाही. आपल्याला लागतील तेवढीच पानं उघडी ठेवतं, बाकीच्या पानांना टाचण्या लावून ती बंद ठेवतं. तुमच्या घरातल्या वहीत पुरणपोळीचं पान आहे आणि मेथीच्या लाडूचंही आहे. बाळंतीण घरात असेल तर लाडूचं पान उघडायचं. रोज उघडायचं नाही.

पेशीतल्या या टाचण्या खऱ्या आहेत, नुसती उपमा नाही. पान बंद ठेवायचे आणखीही प्रकार पेशीजवळ आहेत, पण आजची गोष्ट या एका टाचणीची आहे. कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन, एवढीशी ती चीज. तिचं नाव मिथिल. वहीत जिथं सी या अक्षरापुढं लगेच जी येतं, तिथल्या सी वर ही टाचणी बसते. अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आपल्या वहीत आहेत आणि धडधाकट पेशीत त्यातल्या शंभरपैकी सत्तर-ऐंशी जागांवर टाचणी असते. या टाचण्या लावण्याला मिथिलेशन म्हणतात. शब्द अवघड आहे, पण आपण टाचणीच म्हणू.

एका पेशीच्या दोन पेशी होतात, तेव्हा सगळी वही उतरवून काढली जाते. आणि जुन्या वहीत टाचणी जिथं होती, तिथंच नव्या वहीत टाचणी लावणारी एक कारकूनबाईही पेशीत असते. म्हणून कातडीच्या पेशीची लेक कातडीचीच पेशी होते.

आता कॅन्सरमध्ये काय होतं? पूर्वी वाटायचं, वहीतलं अक्षर चुकतं म्हणून कॅन्सर होतो. ते खरंच आहे. पण १९८३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन या दोघांनी मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांना दिसलं की शेजारच्या निरोगी पेशींच्या मानानं गाठीतल्या पेशींवर टाचण्या कमी आहेत. जी पानं बंद राहायला हवी होती, ती उघडी पडली होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उलटंही सापडलं. काही पानं उघडी राहायला हवीत, पेशीची वाढ आवरणारी, बिघाड दुरुस्त करणारी. तीच पानं गाठीत टाचण्या लावून बंद झालेली असतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये बीआरसीए-१ नावाचं दुरुस्तीचं पान असं बंद झालेलं सापडतं. त्यातलं एक अक्षरही चुकलेलं नसतं. पान शाबूत, पण वाचताच येत नाही. गाडीला ब्रेक आहे, पण त्याच्यावर पाय ठेवता येत नाही, तशी गत.

आणि इथंच आशाही आहे. चुकलेलं अक्षर दुरुस्त करणं फार कठीण, पण टाचणी काढता येते. अशी टाचणी कमी करणारं अझासायटिडिन नावाचं एक औषध २००४ साली अमेरिकेत मंजूर झालं. हाडांच्या मगजात रक्ताच्या पेशी नीट तयार होत नाहीत, अशा एका आजारात ते दिलं जातं. सगळ्या कॅन्सरवर ते चालत नाही, कारण ते टाचण्या निवडून काढत नाही, सरसकट काढतं. पण टाचणी निघू शकते, एवढं त्यानं दाखवून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढीशी टाचणी दिसते तरी कशी? इथं आपल्या गटातल्या बायकांच्या ओळखीची एक वस्तू येते. लिंबाचं, आवळ्याचं सरबत टिकावं म्हणून आपण चिमूटभर केएमएस घालतो ना, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट? त्याच कुळातलं एक रसायन प्रयोगशाळेत वापरतात, सोडियम बायसल्फाइट. ते डीएनएवर घातलं की टाचणी नसलेलं सी अक्षर बदलतं आणि वाचताना टी म्हणून दिसतं. टाचणी असलेलं सी तसंच राहतं. बांधणीची साडी आठवा. जिथं दोरा बांधलाय तिथं रंग पोचत नाही आणि दोरा सोडला की ठिपका दिसतो. तसंच हे. १९९२ साली सिडनीतल्या मॅरिअन फ्रॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रसायनाच्या जोरावर टाचण्या अक्षर-अक्षर वाचायची रीत काढली. अजूनही बहुतेक ठिकाणी तीच रीत चालते.

पण एक अडचण राहिली. गाठीचा तुकडा घेतला, तर त्यात नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. रक्तवाहिन्यांच्या असतात, चरबीच्या असतात, रोगाशी लढायला आलेल्या पेशी असतात. पूर्वी हे सगळं एकत्र दळूनच तपासायचे. भाजणी दळून आणली, तर पिठात ज्वारी किती, उडीद किती, एखादा दाणा किडका होता का, हे चवीवरून सांगता येईल? जाणती बाई अंदाज करील, पण खात्री नाही.

आपल्या बचतीचंच उदाहरण घ्या. दहा जणींचा गट आहे आणि कुणी सांगितलं, सरासरी बचत शंभर रुपये. आता दहाही जणींनी शंभर शंभर भरले असतील. किंवा एकीनं हजार भरले असतील आणि नऊ जणी रिकाम्या हातानं आल्या असतील. सरासरी तीच, पण गट दोन निराळे. गाठीचंही तसंच. एखाद्या पानावर शंभरात तीस टाचण्या दिसल्या, तर त्या सगळ्या पेशींत थोड्या थोड्या आहेत, की तीसच पेशींत पान पुरतं बंद आहे? दळलेल्या पिठातून हे कळत नाही.

म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत दळणाऐवजी निवडण सुरू झालं. सुपात धान्य घेऊन आपण एकेक दाणा बोटाखालून काढतो, तशी एकेक पेशी वेगळी काढायची आणि तिच्या एकटीच्या टाचण्या वाचायच्या. २०१३ साली बीजिंगमध्ये आणि २०१४ साली इंग्लंडात केंब्रिजजवळ बाब्राहॅमच्या संस्थेत हे करून दाखवलं गेलं. हे का महत्त्वाचं, ते तुम्हाला सांगायला नको. कणगीत किडका दाणा एकच राहिला, तरी पावसाळ्यात काय होतं ते आपण भोगलेलं आहे. गाठीतही औषधाला दाद न देणाऱ्या थोड्याच पेशी असतात. त्या ओळखता आल्या, तर आजार पुन्हा का उलटतो ते कळेल.

आणि आता माझं काम. एका पेशीत ही वही असते दोन प्रतींत, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एवढ्याशा मालावर ते रसायन घातलं की बराचसा डीएनए तुटून वाया जातो. त्यामुळं २ कोटी ८० लाख जागांपैकी एका पेशीत अर्ध्याहूनही कमी जागा वाचता येतात, पुष्कळदा फारच थोड्या. बाकीच्या कोऱ्या.

तुमच्या गटाची नोंदवही एकदा पावसात भिजली होती ना? शाई पसरली, अर्धे आकडे गेले. तेव्हा सचिवताईंनी काय केलं? प्रत्येकीच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्याचे आकडे बघितले. त्याच महिन्यात बाकीच्यांनी किती भरले ते बघितलं. त्यावरून गेलेले आकडे जुळवले. संगणक नेमकं हेच करतो. शेजारच्या जागी टाचणी आहे का, तशाच दुसऱ्या पेशींत या जागी काय आहे, आजूबाजूला कुठली अक्षरं आहेत, हे बघून तो रिकाम्या जागेचा अंदाज बांधतो. २०१७ साली केंब्रिजजवळच्याच संशोधकांनी संगणकाला असे अंदाज करायला शिकवलं. माणसाला महिने लागले असते, ते तो तासांत करतो.

पण एक लक्षात ठेवा, आणि हे मी रोज स्वतःलाही सांगते. जुळवलेला आकडा म्हणजे भरलेला पैसा नव्हे. सचिवताईंनीसुद्धा ते आकडे पेन्सिलीनं लिहिले होते आणि प्रत्येकीला विचारून मगच पक्के केले होते. संगणकाचा अंदाजही दुसऱ्या रीतीनं पडताळून बघावाच लागतो. "संगणकानं सांगितलं" एवढ्यावर कुणी तुमच्याकडून पैसे घेत असेल, तर जरा थांबा.

या टाचण्यांवरून आणखी एक कळतं. कारकूनबाई टाचण्या लावताना कधी कधी चुकते. चुकली की ती चूक पुढच्या सगळ्या लेकी-नातींत उतरते. आपल्याकडं हेळवी येतात, सात पिढ्यांची वंशावळ सांगतात, कोण कुठल्या शाखेतलं ते जुळवतात. तसं एकसारख्या चुका असलेल्या पेशी एका शाखेच्या म्हणून संगणकावर गाठीची वंशावळ मांडता येते. २०१९ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी रक्ताच्या एका कॅन्सरची अशी वंशावळ एकेका पेशीवरून मांडली आणि औषध दिल्यावर कुठली शाखा आटली, कुठली टिकली तेही बघितलं.

आणि याचा रोग्याला फायदा होतो का? एक उदाहरण देते. मेंदूच्या गाठी पुष्कळ प्रकारच्या असतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकमेकींसारख्या दिसतात, उपचार मात्र निराळे. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी टाचण्यांच्या नक्षीवरून गाठीचा प्रकार ओळखायला संगणकाला शिकवलं. २०१८ साली त्यांनी जे जाहीर केलं, त्यात हजाराहून जास्त नवे रोगी तपासले होते आणि शंभरातल्या सुमारे बारा जणांचं आधीचं निदान बदलावं लागलं. शंभरात बारा, म्हणजे बारा घरं.

आता पुन्हा मोठीआईकडं येते. तिचा पहिला प्रश्न, मी काय केलं होतं?

काही नाही, मोठीआई. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एका विषाणूमुळं होतो. त्याचं नाव एचपीव्ही. हे शोधून काढणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो आणि तो इतका पसरलेला आहे की बहुतेक बायकांना आणि पुरुषांनाही आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. कृपा करून ही गोष्ट सासूला, सुनेला आणि नवऱ्यालाही सांगा. शंभरातल्या नव्वद जणींच्या अंगातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये ठाण मांडतो आणि मग हळूहळू टाचण्यांची घडी विस्कटते. आवर घालणारी पानं बंद व्हायला लागतात. हे एका रात्रीत होत नाही. साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. पंधरा-वीस वर्षं, मैत्रिणींनो. म्हणजे आपल्याला केवढा वेळ मिळतो बघा. मोठीआईलाही मिळाला होता. कुणी तिला सांगितलं नाही.

तिचा दुसरा प्रश्न, माझ्या पोरीला होईल का?

आईच्या अंगातल्या या बिघडलेल्या टाचण्या लेकीला जात नाहीत. बाळ पोटात अगदी सुरुवातीला आकार घेतं, तेव्हा जुन्या टाचण्या बहुतेक सगळ्या काढून नव्यानं लावल्या जातात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये काही घराण्यांत वहीतलं अक्षरच चुकलेलं असतं आणि ते पुढच्या पिढीत उतरतं. घरात आई, मावशी, बहीण अशा दोघी-तिघींना झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. पण मोठीआईचा आजार तसा नव्हता. तिच्या लेकीला तो आईकडून येणार नाही. मात्र विषाणू तिलाही गाठू शकतो, जसा मला, तुम्हाला. म्हणून तिची स्वतःची तपासणी हवीच.

तपासणीनं जीव वाचतो, याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं मुंबईच्या टाटा रुग्णालयाबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठी पाहणी केली. खेडोपाडीच्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. त्यांचे चार गट केले होते. एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा केलेला एक गट होता आणि एका गटाला नेहमीचीच व्यवस्था होती, खास तपासणी नाही. आठ वर्षांत पहिल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, दुसऱ्यात ६४. दोन्ही गट जवळपास सारखे मोठे. एका तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. २००९ साली हे जगभर छापून आलं. तपासणी न मिळालेल्या बायकांचं काय, म्हणून पुढं त्या पाहणीवर टीकाही झाली आणि तो प्रश्न रास्तच आहे. आज जगात एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरला जातो, त्यामागं या ज्वारी-तुरीच्या मुलखातल्या बायकांचा मोठा वाटा आहे. ते आपण विसरू नये.

मग टाचण्या कुठं कामाला येतात? समजा, शंभर बायकांत विषाणू सापडला. त्यातल्या बहुतेक जणींना पुढं काहीच होणार नाही. पण कोण वाचणार आणि कुणाचं बिघडणार, हे विषाणूची तपासणी सांगत नाही. सगळ्यांनाच जिल्ह्याला बोलवायचं, तर मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं आणि घरात दहा प्रश्न. त्याच कापसाच्या बोळ्यावर, तोच नमुना घेऊन, दोन-तीन ठराविक पानांवरच्या टाचण्या बघितल्या, तर बिघाड सुरू झालेली बाई वेगळी काढता येते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जगभरातून आलेले या कॅन्सरचे पाचशेहून जास्त नमुने असे तपासले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांत त्या टाचण्या सापडल्या. युरोपात अशा तपासण्या वापरात यायला लागल्या आहेत. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात त्या आज नाहीत, हेही मी खरं सांगते.

त्या इथं याव्यात म्हणून एक काम व्हायला हवं. या संगणकांना शिकवायला जे नमुने वापरले, ते बहुतांश युरोप-अमेरिकेतले आहेत. गव्हावर निवडायला शिकलेला हात बाजरीवर चुकू शकतो. आपल्याकडच्या बायकांचे नमुनेही त्यात हवेत. उद्या कुणी संशोधनासाठी नमुना मागितला, तर घाबरू नका, पण विचारा. कशासाठी घेताय? माझं नाव कुठं जाईल? तपासणीत काही निघालं तर मला सांगाल का, उपचार कोण करील? मी नाही म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार थांबतील का? मराठीतून लिहून मागा आणि वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका, सही करू नका.

आणखी एक सावधगिरी. मिथिल बनवायला शरीराला पालेभाज्या आणि डाळींतलं फोलेट लागतं. ते खावंच. पण एखादी पावडर खाऊन बिघडलेली टाचणी जागेवर येते, असं कुणी सांगून विकत असेल, तर ते खोटं समजा. तंबाखूचं मात्र खरं आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातल्या पेशींवर ठराविक जागच्या टाचण्या बदललेल्या दिसतात आणि ओढणं सोडल्यावर त्यातल्या बऱ्याचशा हळूहळू पूर्वीसारख्या होतात. आणि मिशरी ही तंबाखूच आहे बरं का. ती तोंडाच्या कॅन्सरला बोलावणं धाडते.

आता आज, आत्ता काय करता येईल ते सांगते.

तुमचं वय तीसच्या पुढं असेल, तर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात सिरक्यासारखं सौम्य आम्ल लावून बघायची तपासणी असते, तिला व्हीआयए म्हणतात. दर पाच वर्षांनी ती करावी असं सरकारचंच धोरण आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांच्या पाहणीत, डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ती चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुखत नाही, पाच-दहा मिनिटं लागतात. एचपीव्हीची तपासणी मिळत असेल तर ती आणखी चांगली. मुलींना ९ ते १४ या वयात एचपीव्हीची लस द्या. आपल्याच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली देशी लसही २०२३ पासून मिळते. आणि लस घेतली म्हणून पुढं तपासणी चुकवायची नाही.

पाळी गेल्यावर लाल गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, वासाचं पांढरं जात राहिलं, तर उष्णता म्हणून थांबू नका. डॉक्टरांनी न तपासता गोळ्या दिल्या, तर म्हणा, "डॉक्टर, आतून तपासा." एवढं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. एकटीला म्हणवत नसेल, तर गटातली एक जण सोबत न्या.

अध्यक्षताई, तुम्ही ऐकत असाल. तुमच्या नोंदवहीत बचत, कर्ज, व्याज असे रकाने आहेत. त्यात एक रकाना वाढवा, "तपासणीची तारीख". येत्या बैठकीला प्रत्येकीला विचारा. रकाना कोरा दिसला, तर दंड लावू नका. तिच्याबरोबर जा.

आणि हो, तुम्ही विचारलं होतं ना, मी करते तरी काय? मी सूप घेऊन बसते, ताई. दिवसभर दाणे निवडते.

नमस्कार.